वर बेडूक, आत मासा

एक एकराचं तळं. एका अंगाला मातीचा बांध आणि त्यातून डोकावणारा सांडव्याचा पाइप, दुसऱ्या अंगाला गुरांच्या खुरांनी तुडवलेली उतरण, उथळ कडेला पाणकणसं, कोपऱ्यात लिलीची पानं. अलाबामा, जॉर्जिया, टेक्सास या राज्यांतून गाडीनं जाताना अशी तळी इतकी दिसतात, की ती माणसानं खणलेली आहेत हेच विसरायला होतं. १९३०च्या दशकात धुळीच्या वादळांनी शेतांवरची माती उडवून नेली. त्यानंतर सरकारच्या मृदसंधारण खात्यानं शेतकऱ्यांना तळी खणायला हात दिला. गुरांना पाणी, मातीची धूप थांबवणं आणि घरच्या ताटात मासा, असे त्यामागे हेतू होते. आपल्याकडच्या शेततळ्याचा हा थोरला चुलतभाऊ म्हणायचा. फक्त आपल्या शेततळ्यात बहुधा प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो, आणि इथल्या तळ्यात चिखल, शेवाळ, बेडूक आणि बास.

या तळ्याच्या काठावर उभं राहून पाण्यावरचं आमिष टाकावं की पाण्यातलं, हा बास गरवणाऱ्यांचा न संपणारा वाद आहे. पाण्यावरचं म्हणजे टॉपवॉटर: तरंगणारं, ओढलं की गुडगुड करणारं, नागमोडी चालणारं किंवा बेडकासारखं उड्या मारणारं. पाण्यातलं म्हणजे स्विमबेट: खऱ्या माशासारखं दिसणारं आणि शेपूट हलवत पोहणारं. दोन्हींच्या बाजूनं भरपूर लिहिलं-बोललं गेलंय. ते वाचताना मला एकच गोष्ट खटकत आलीय. यातलं बहुतेक शहाणपण हजारो एकरांच्या जलाशयांवर, मोटारबोटीतून, बक्षिसांच्या स्पर्धांमधून आलेलं आहे. एक एकराच्या तळ्याला ते जसंच्या तसं लागू पडत नाही. तळ्याचं गणित निराळं, आणि आमिषाची निवड त्या गणितातूनच निघते.

आधी मासा. लार्जमाउथ बास हा नावानं बास, कुळानं सनफिश. खऱ्या बास माशांशी त्याचं जवळचं नातं नाही. हिरवट पाठ, कुशीवरून गेलेला काळपट पट्टा आणि डोळ्याच्याही मागपर्यंत फाकणारा जबडा, ही त्याची ओळख. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लासेपेद यानं १८०२मध्ये या घराण्याला मायक्रोप्टेरस म्हणजे ‘आखूड पराचा’ असं नाव दिलं. ते पडलं एका मोडक्या पराच्या नमुन्यावरून. त्या एका माशाचा पर दुखावलेला होता, आणि सबंध घराण्याला ते नाव चिकटलं. जन्मापासून गैरसमजात वाढलेला हा मासा आहे. त्याच्याबद्दलचे पुढचे गैरसमज त्या मानानं किरकोळ.

टॉपवॉटरची कथाही एका तळ्यापासूनच सुरू होते. मिशिगन राज्यातल्या डोवॅजिॲक गावात जेम्स हेडन नावाचा गृहस्थ होता. मधमाश्या पाळण्यात त्याचं मोठं नाव, स्वतःच्या बनावटीच्या पोळपेटीचं पेटंटही त्याच्याकडे. सांगतात ते असं, की गिरणीच्या तळ्याकाठी मित्राची वाट बघत तो चाकूनं लाकूड तासत बसला होता. तासलेला तुकडा त्यानं सहज पाण्यात भिरकावला, आणि खालून एका बासनं त्यावर झडप घातली. पुढे त्यानं लाकडाचे बेडूक कोरले, आणि १८९४पासून हेडन कंपनी आपला काळ मोजते. गोष्ट थोडी रंगवलेली असेलही. पण तळ्याकाठी बसलेल्या कुणालाही ती पटते, कारण तरंगणारी काडी, पडलेलं पान, सिगारेटचं थोटूक यांवर बासनं धाव घेतलेली त्यानं कधी ना कधी पाहिलेली असते.

याच कंपनीचं झारा स्पूक हे आमिष १९३९पासून बाजारात आहे. त्याच्या आधीचा लाकडी अवतार झारागोसा नावानं विकला जाई. फ्लोरिडातल्या पेन्साकोला बंदरात त्या नावाचा एक रस्ता होता, तिथे वेश्यावस्ती होती, आणि आमिषाची चाल तिथल्या बायकांच्या चालीसारखी म्हणून हे नाव, अशी आख्यायिका आहे. गरवणाऱ्या पुरुषांच्या गप्पांची पातळी तेव्हाही हीच होती, एवढं त्यातून कळतं. चाल मात्र खरोखर नागमोडी. रॉडचं टोक खाली धरून मनगटानं छोटे झटके द्यायचे आणि प्रत्येक झटक्यानंतर दोरी सैल सोडायची. मग आमिषाचं तोंड एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे वळतं. सगळी गंमत त्या सैल सोडण्यात आहे. दोरी ताणलेली राहिली तर ते काठीसारखं सरळ येतं.

दुसरी शाखा ओहायोतल्या ॲक्रन या रबराच्या गावची. टायर कंपनीत नोकरी केलेल्या फ्रेड अर्बोगास्टनं १९३०च्या दशकाच्या अखेरीस जिटरबग काढलं. पुढे दोन पाळ्यांचं पत्र्याचं ओठाड, आणि ओढलं की एकसुरी ‘बुडुक-बुडुक’ आवाज. याच गावात निक क्रीमनं १९४९मध्ये मऊ प्लास्टिकचा गांडूळ ओतला. आजची मऊ स्विमबेटं त्याच गांडुळाची नातवंडं. म्हणजे या वादातल्या दोन्ही पक्षांची एकेक मुळी एकाच गावात निघते.

पाण्यावरच्या आमिषाला बास का भुलतो, याचं उत्तर त्याच्या डोळ्यात आणि तोंडात आहे. पाण्याखालून वर बघणाऱ्या माशाला बाहेरचं जग एका गोल खिडकीतून दिसतं. प्रकाश पाण्यात शिरताना वाकतो, म्हणून ही खिडकी साधारण ९७ अंशांच्या शंकूएवढीच असते. तिच्यापलीकडे पाण्याचा पृष्ठभाग खालून आरशासारखा दिसतो. आमिष या खिडकीत आलं की उजळ आभाळावर काळी आकृती उमटते. आरशाच्या भागात असेल तर फक्त खळबळ, चकाकी आणि आवाज. रंग असा दिसतच नाही. तरी दुकानात टॉपवॉटरच्या पोटावर सतराशे साठ रंग असतात. २०१८मध्ये इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी बासच्या रंगदृष्टीवर प्रयोग छापले. लाल आणि हिरवा बासला उत्तम ओळखू येतो. काळा आणि गडद निळा यांत, तसंच झगमगीत पोपटी-पिवळा आणि पांढरा यांत तो घोटाळतो. झगमगीत पिवळा हा बाजारातला हमखास खपणारा रंग. तो संध्याकाळच्या आभाळाखाली पांढऱ्यापेक्षा काय वेगळं करतो, हे विकणाऱ्यानं सांगावं. रात्री आणि ढगाळ पहाटे जुनेजाणते काळंच आमिष लावतात. काळ्याची आकृती ठळक उठते, इतकं साधं कारण आहे.

तोंडाची गोष्ट याहून महत्त्वाची. बास चावत नाही, ओढून घेतो. जबडा क्षणार्धात फाकतो, गाल फुगतात, आणि समोरचं पाणी भक्ष्यासकट आत खेचलं जातं. पाण्याखाली हे बिनआवाज घडतं. पृष्ठभागावर मात्र पाण्याबरोबर हवाही आत जाते, आणि तो ‘गपक्’ असा आवाज होतो, ज्याच्यासाठी माणसं पहाटे चारला उठतात. पण हवा आत गेली की ओढ कमी पडते. म्हणून पाण्यावर इतके घास हुकतात. मासा आमिषावर येतो, आमिष उडतं, आणि माणूस दचकून रॉड उपसतो. पहिल्या वर्षी मी हेच करत राहिलो. पाणी उसळलं की हात आपोआप वर जाई, आणि आमिष कानाजवळून मागच्या झुडपात. पाणी उसळल्यावर थांबायचं, दोरीला वजन लागलेलं जाणवू द्यायचं, मगच ओढायचं, हे कुणीही एका वाक्यात सांगतं. हाताला ते कळायला एक सबंध उन्हाळा लागतो. हुकलेल्या जागी लगेच दुसऱ्या रॉडनं मऊ, बुडणारं आमिष टाकलं तर तो मासा पुष्कळदा लागतो. तळ्यावर दोन रॉड न्यायचं हेच एक पटण्यासारखं कारण.

वेळ आणि पाणी यांबद्दल फारसा मतभेद नाही. पाणी १५-१६ अंश सेल्सिअसच्या वर गेलं की टॉपवॉटर कामाला येतं. उन्हाळ्यात पहाट आणि दिवेलागण, पावसाच्या आधीचं कुंद आभाळ, वारा पडलेला. तळ्यात एक गोष्ट जास्तीची: उन्हाळ्यात पाण्याचे थर पडतात आणि खालच्या गार थरातला प्राणवायू संपत जातो. मोठ्या जलाशयातला बास तापलेल्या दुपारी तीस फुटांवर उतरू शकतो. तळ्यातल्या बासला खाली जागाच उरत नाही. तो वरच्या काही फुटांत, सावलीला, शेवाळाच्या छपराखाली अडकतो. म्हणून भर ऑगस्टमध्ये, जेव्हा बोटवाले पाण्यावरचं आमिष पेटीत ठेवून देतात, तेव्हाही तळ्यात ते चालतं. मोठ्या पाण्याचा नियम इथे पहिल्यांदा मोडतो.

शेवाळाच्या छपरावर मात्र झारा स्पूक किंवा जिटरबग चालत नाही. त्यांचे तिहेरी गळ पहिल्याच फुटात शेवाळाची दाढी घेऊन येतात. तिथे पोकळ रबरी बेडूक. त्याचे दोन गळ पाठीला चिकटून वर वळलेले असतात, मासा तोंडात दाबतो तेव्हाच रबर चेपून गळ उघडे पडतात. सिनसिनाटीची स्नॅग प्रूफ कंपनी १९५०च्या दशकापासून असे बेडूक बनवते. इथे तंगूस कामाचा नाही, विणलेली दोरीच हवी. मासा शेवाळात शिरला की त्याच्याबरोबर दोन किलो हिरवळही ओढावी लागते. हा बेडूक आपल्याकडच्या हौशी गरवणाऱ्यांच्याही ओळखीचा आहे, कारण आपल्या तळ्यांतला मरळ तोच बेडूक तसाच घेतो. मरळ आणि बास यांचं नातं काही नाही. पण दोघंही दबा धरून बसणारे, दोघंही उथळ पाण्यात पिलांची राखण करणारे, आणि दोघांनाही डोक्यावरून काहीतरी सरपटत गेलेलं खपत नाही. मरळावर ज्यानं बेडूक टाकलाय त्याला अलाबामाच्या तळ्यावर नव्यानं शिकायला फार थोडं उरतं. उलट प्रवासही तितकाच सोपा.

स्विमबेटची गोष्ट तळ्यावर सुरू होत नाही. ती कॅलिफोर्नियाची, आणि मुळात पिण्याच्या पाण्याची. सॅन डिएगो शहरानं आपल्या जलाशयांत १९५९मध्ये फ्लोरिडा वाणाचा बास आणून सोडला. हा वाण अंगानं मोठा होतो. (अलीकडे तर शास्त्रज्ञांनी त्याला वेगळी प्रजातच ठरवलंय, आणि नावांच्या अदलाबदलीत जुनं ‘साल्मॉयडिस’ हे नाव फ्लोरिडावाल्याच्या वाट्याला गेलंय. उत्तरेकडच्याला आता ‘निग्रिकॅन्स’ म्हणायचं.) त्याच जलाशयांत हिवाळ्यात हौशी लोकांसाठी टँकरनं रेनबो ट्राउट सोडत. फूटभर लांबीचे, हौदात वाढलेले, शत्रू कसा असतो हेही न पाहिलेले मासे. बासची दिवाळी झाली. बास वीस पौंडांवर जाऊ लागले. आणि काही लोकांच्या लक्षात आलं, की जो मासा फूटभर ट्राउट गिळतोय तो तीन इंची आमिषाकडे ढुंकूनही बघणार नाही. अ‍ॅलन कोल यानं लाकडाचे सांधेवाले मोठे ट्राउट बनवले, पुढे मऊ रबरी ट्राउट आले, आणि कॅसिटास, कास्टेइक, सॅन व्हिसेंटे ही नावं बासच्या दुनियेत तीर्थक्षेत्रांसारखी घेतली जाऊ लागली.

आज स्विमबेट या एका शब्दाखाली निदान तीन निरनिराळ्या वस्तू विकल्या जातात, आणि वादातला निम्मा घोळ तिथे आहे. एक: तीन ते पाच इंचांचा मऊ मासा, शेपटीला वल्ह्यासारखी चकती, नुसतं सरळ ओढलं तरी शेपूट फडफडते. किंमत चहा-बिस्किटाच्या जवळपास. दोन: अनेक सांध्यांचा कडक मासा, सापासारखा वळवळत येणारा. तीन: एकाच सांध्याचा ग्लाइड, रीलचा दांडा अर्धा फेरा फिरवला की एका बाजूला लांबवर घसरणारा आणि पुन्हा उलटा वळणारा. या तिसऱ्यात जपानी कारागिरांचा हात कुणी धरू शकत नाही. एकेकाची किंमत शंभर-दोनशे डॉलर. सहा-सात इंच लांब, साठ ते शंभर ग्रॅमच्या आसपास वजन, त्याला आठ फुटी जाड रॉड आणि वीस-पंचवीस पौंडांची दोरी. असं आमिष पहिल्याच फेकीत तळ्यापलीकडच्या ओकच्या फांदीवर लटकलेलं बघणं काय असतं, ते मी एकदा अनुभवलंय. शिडी मागायला शेतकऱ्याच्या दारात जावं लागलं. तो काही बोलला नाही, पण त्याच्या बायकोनं किंमत विचारली आणि मी खोटी सांगितली.

मग तळ्यात या मोठ्या आमिषाचं काय काम? इथे होमर स्विंगल या माणसाची आठवण काढावीच लागते. तो गरवणाऱ्यांच्या नामावळीत नसतो, पण माझ्या मते या सगळ्या वादातली सगळ्यांत उपयोगी माणसं मोजली तर पहिला तो. अलाबामातल्या ऑबर्नच्या शेतकी महाविद्यालयात त्यानं १९३०च्या दशकापासून तळ्यातल्या माशांचा अभ्यास केला. पद्धत अगदी रांगडी: तळं उपसायचं आणि आतला एकूण एक मासा मोजायचा, तोलायचा. अशी डझनावारी तळी उपसून त्यानं ‘समतोल’ ही कल्पना मांडली. तळ्यात मुख्य शिकारी बास आणि मुख्य भक्ष्य ब्लूगिल, म्हणजे तळहाताएवढा चपटा सनफिश. खत घातलेल्या तळ्यात एकरी १००० ब्लूगिल आणि १०० बास सोडायचे, खत नसेल तर दोन्ही निम्मे, हा त्याच्या कामातून आलेला दंडक अजून चालतो. आणि जुळलेल्या तळ्यात भक्ष्य माशांचं एकूण वजन शिकारी माशांच्या साधारण ३ ते ६ पट असतं.

हे गणित बिघडलं की ते दोन दिशांनी बिघडतं. बास फार झाले तर ते लहान ब्लूगिल फस्त करतात. उरलेल्या मोजक्या ब्लूगिलना खायला मुबलक मिळतं आणि ते हातापेक्षा मोठे होतात. बास मात्र दहा-बारा इंचांवर अडकतात, डोकं मोठं आणि पोट खपाटीला. याउलट ब्लूगिल फार झाले तर ते बासची अंडी आणि पिलं खातात. मग बास थोडेच उरतात, पण जे उरतात ते गलेलठ्ठ. ढोबळ हिशेबानं बासचं एक पौंड वजन वाढायला दहा पौंड खाणं लागतं. हे खाणं कुणाच्या वाट्याला जातंय, यावर सगळं ठरतं.

म्हणून माझा सल्ला विचित्र वाटेल, पण नव्या तळ्यावर पहिला अर्धा तास बासकडे बघूच नये. बारीक गळाला गांडुळाचा तुकडा लावून ब्लूगिल गरवावेत. आठ इंची, जाडजूड ब्लूगिल लागत असतील तर तळं उपाशी बासनी भरलंय. तिथे पॉपर किंवा जिटरबगसारखं छोटं टॉपवॉटर टाका, संध्याकाळभर घास येतील. मोठं स्विमबेट तिथे फेकणं म्हणजे शाळेच्या पंगतीत अख्खा कोंबडा वाढणं. बास साधारण स्वतःच्या लांबीच्या तिसऱ्या हिश्शाएवढं भक्ष्य आरामात घेतो. बारा इंची बासला चार इंच पुरे, आणि आठ इंची ब्लूगिलची नक्कल पाहून तो पळेल. पण तीन-चार इंची बारके ब्लूगिल गळावर रांग लावत असतील, आणि बास मुळीच दिसत नसेल, तर ते स्विमबेटचं तळं. ब्लूगिलच्या आकाराचा, चपटा, सहा इंची ग्लाइड बांधाच्या कोपऱ्यातून, सांडव्याच्या पाइपाजवळून, पाणकणसांच्या कडेनं हळूहळू आणा. दोन तासांत एक घास येईल, किंवा येणारही नाही. आला तर मासा घरी सांगण्यासारखा असेल. तळ्यात ट्राउट नसतो, म्हणून कॅलिफोर्नियातून आलेला लांबुडका, चंदेरी ट्राउट इथे नक्कल कुणाचीच करत नाही. तरी तो विकत घेतला जातो. मीही घेतला होता.

तळ्याचा दुसरा वेगळेपणा म्हणजे आठवण. मोठ्या जलाशयात एका माशाला तेच आमिष पुन्हा दिसण्याचा संभव थोडा. एक एकरात प्रत्येक माशानं प्रत्येक आमिष पाहिलेलं असतं. इलिनॉय राज्यातल्या रिज लेक या छोट्या तलावावर याचा नामांकित अभ्यास झाला. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात तिथे धरलेल्या प्रत्येक बासला खूण करून मोजून परत सोडलं. चार वर्षांनी तलाव उपसला तेव्हा १७००हून अधिक बास निघाले, आणि त्यातले सुमारे २०० कधीच गळाला लागलेले नव्हते. एक बास मात्र एका वर्षात १६ वेळा लागला होता. डेव्हिड फिलिप आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मग सहज फसणारे आणि न फसणारे असे वेगवेगळे वंश वाढवले. फसण्याची वृत्ती काही प्रमाणात पिढीजात उतरते, असं २००९मध्ये छापलेल्या निष्कर्षात दिसलं. म्हणजे एखाद्या तळ्यावर वर्षानुवर्षं लोक गरवत असतील आणि लागलेले मासे घरी नेत असतील, तर मागे न फसणाऱ्यांची औलाद उरते. अशा तळ्यावर कुठलं आमिष लावावं, या प्रश्नाला दुकानात उत्तर नाही.

याच संशोधनाच्या ओघात आणखी एक अस्वस्थ करणारी गोष्ट पुढे आली. वसंतात नर बास कडेच्या उथळ तळावर शेपटीनं खळगा करतो, मादी अंडी घालून जाते, आणि पुढे पिलांची राखण नरच करतो. जो नर जास्त त्वेषानं राखण करतो तोच आमिषावर जास्त त्वेषानं धावतो. त्याला गळाला लावून, फोटो काढून पाच मिनिटांनी परत सोडलं, तरी तेवढ्यात ब्लूगिल घरट्यावर तुटून पडलेले असतात. वसंतातला टॉपवॉटरचा जो हंगाम सगळे वाखाणतात त्यातला बराच भाग हा भुकेचा नसून बापाच्या रागाचा असतो. लहान तळ्यात मी त्या पंधरा-वीस दिवसांत कडेनं काहीच टाकत नाही. हा कायदा नाही, माझी सवय आहे.

मोठ्या माशांचा विषय निघाला की विक्रमांचा निघतोच, आणि तिथे या वादातल्या दोन्ही पक्षांची जरा पंचाईत होते. २ जून १९३२ रोजी जॉर्जियातल्या माँटगोमेरी लेकवर, म्हणजे नदीनं टाकून दिलेल्या एका वळणात साचलेल्या पाण्यावर, जॉर्ज पेरी या वीस वर्षांच्या शेतकऱ्यानं २२ पौंड ४ औंसांचा बास धरला. आमिष लाकडाचा मासा. मंदीचे दिवस होते. पोस्टात मासा तोलला, आणि घरच्यांनी शिजवून खाल्ला. २ जुलै २००९ रोजी जपानच्या बिवा सरोवरात मनाबू कुरिता यानं जवळपास एक औंसानं भारी मासा धरला, पण नियमाप्रमाणे जुना विक्रम मोडायला किमान दोन औंस जास्त हवेत, म्हणून बरोबरी धरली गेली. त्याचं आमिष जिवंत ब्लूगिल. आणि कॅलिफोर्नियात एस्कॉन्डिडोच्या सत्तरेक एकरांच्या डिक्सन लेकमध्ये मार्च २००६मध्ये मॅक वीकलीनं २५ पौंड १ औंसाची मादी वर काढली. पण जिगचा, म्हणजे वजन लावलेल्या बुडत्या आमिषाचा, गळ तोंडात नव्हे, अंगात रुतला होता. तिला सोडून दिलं आणि विक्रमाचा दावाच केला नाही. कल्ल्याखालच्या काळ्या ठिपक्यामुळे तिला सगळे डॉटी म्हणत. मे २००८मध्ये ती मेलेली तरंगताना सापडली. पेरीचा लाकडी मासा स्विमबेटचा आजोबा मानला, तरी टॉपवॉटरच्या खात्यात या तिघांपैकी एकही नाही.

कुरिताच्या त्या ब्लूगिलचीही एक वंशावळ आहे. बास जपानमध्ये १९२५मध्ये आला, हाकोनेजवळच्या आशी सरोवरात. ब्लूगिल आले १९६०मध्ये. त्या वर्षी युवराज अकिहितो शिकागोला गेले असता महापौरांनी त्यांना भेट म्हणून दिलेले. संशोधनासाठी वाढवलेले हे मासे पुढे सगळीकडे पसरले आणि बिवातल्या मूळच्या माशांच्या मुळावर आले. २००७मध्ये सम्राट असताना अकिहितो यांनी याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. बासची जिवंत ने-आण आणि पाण्यात सोडणं यांवर जपानमध्ये २००५पासून देशव्यापी बंदी आहे, आणि बिवाकाठच्या शिगा प्रांतात तर धरलेला बास परत पाण्यात सोडायलाही मनाई आहे. तरी जगातली सर्वांत देखणी ग्लाइड आमिषं तिथलीच. हे वाचून आपल्याकडे कुणाला बास आणून शेततळ्यात सोडावासा वाटला, तर त्यानं आधी उजनी धरणाच्या काठावर जाऊन बाहेरून आलेल्या चिलापी माशाची कथा ऐकावी. मरळ पुरेसा आहे.

राहिला सोडण्या-ठेवण्याचा प्रश्न, आणि इथे मोठ्या पाण्याचा नियम तळ्याचं सर्वांत जास्त नुकसान करतो. बासच्या स्पर्धांचा जनक रे स्कॉट हा अलाबामातल्या माँटगोमेरी शहराचा विमा विक्रेता. १९६७मध्ये त्यानं आर्कान्सातल्या बीव्हर लेकवर पहिली मोठी स्पर्धा भरवली, आणि १९७२पासून ‘धरा आणि सोडा’ ही चळवळ चालवली. त्या चळवळीनं मोठे जलाशय वाचवले, यात शंका नाही. पण ती सवय इतकी भिनली, की आता एक एकराच्या तळ्यावरही कुणी दहा इंची बास घरी नेताना दिसला तर लोक त्याच्याकडे चोर असल्यासारखं बघतात. स्विंगलच्या हिशेबानं उपाशी बासच्या तळ्यातून लहान बास काढलेच पाहिजेत. नाहीतर कुणीच वाढत नाही, आणि मोठ्या स्विमबेटवर येणारा मासा त्या तळ्यात कधी तयारच होत नाही. मोठी मादी सोडा, बारके ठेवा. बहुतेक लोक करतात ते उलट: मोठ्याचा फोटो काढून तो खातात आणि लहानाची दया येऊन सोडतात.

शहरातल्या सोसायट्यांची पावसाच्या पाण्याची तळी याला अपवाद. तिथे रस्त्यावरचं तेल आणि गवतावरची औषधं वाहून येतात, तिथला मासा खाऊ नये. शेतातल्या तळ्यातला, अकरा इंची, खवलं काढलेला बास मात्र चांगला लागतो. मांस पांढरं, घट्ट, काटे मोजके. कातडीला जरा चिखलाचा वास असतो, म्हणून ती काढून टाकावी. हळद-मीठ, लाल तिखट आणि लिंबू लावून अर्धा तास ठेवावा, रव्यात घोळवून तव्यावर कमी तेलात तळावा. ज्या शेतकऱ्यानं शिडी दिली होती त्याच्याकडे एका संध्याकाळी जिटरबगवर असे नऊ बास धरले आणि त्याच्याच ओट्यावर तळले. त्याच्या बायकोनं दोन खाल्ले, तिखट जास्त झालं म्हणाली, आणि तिसरा घेतला.